नाशिकहून फॉल्स बे: थंड पाण्यातल्या डायव्हिंगसाठी सूट आणि हातमोजे

तारकर्लीला ३ मिलिमीटर जाडीचा सूट पुरतो. केपटाऊनचं पाणी मात्र वेगळं आहे. तिथल्या फॉल्स बे या उपसागरात जून ते ऑगस्ट या तिथल्या हिवाळ्यात पाणी साधारण १३ ते १५ अंश असतं. पलीकडच्या अटलांटिक किनाऱ्याला उन्हाळ्यात आग्नेय वारा सुटला की तळातलं पाणी वर येतं आणि तापमान १० अंशांच्याही खाली जातं. तेव्हा पाणी नितळ असतं, पण पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तिकडे वळू नये. ताईनं आणि मी जुलैतला फॉल्स बे निवडला. त्या दिवसांत तिथलं पाणीही स्वच्छ असतं.

तयारी मात्र आदल्या डिसेंबरात नाशिकलाच सुरू केली, आणि इथून जाणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगेन. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की शहरातल्या उघड्या जलतरण तलावाचं पाणीही सकाळी चांगलंच गार असतं. व्यवस्थापनाला आधी विचारून सूट आणि हातमोजे घालून उतरा. कुठून पाणी शिरतं ते तिथंच कळतं.

सूट घेताना लोक आधी जाडी विचारतात. मी आधी माप बघते. ओला सूट, म्हणजे वेटसूट, पाणी अडवत नाही. आत शिरलेलं थोडंसं पाणी अंगाच्या उबेनं तापतं, आणि ते तिथंच टिकलं तरच सूटचा उपयोग. कमरेच्या खळग्यात, काखेत किंवा मानेशी पोकळी राहिली की प्रत्येक हालचालीला नवं गार पाणी आत येतं. हवेच्या मानाने पाणी शरीरातली उष्णता वीस-पंचवीस पट वेगानं ओढून नेतं, त्यामुळे सैल ७ मिलिमीटरपेक्षा अंगाला चपखल बसणारा ५ मिलिमीटर बरा. आम्ही रविवार कारंजाजवळच्या शिंप्याकडून छाती, कंबर, नितंब आणि पायाची आतली लांबी मोजून घेतली आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहिली. उंची-वजनावरून अंदाज करू नका. बायकांनी बायकांच्या बेतणीचाच सूट घ्यावा. ताईला पुरुषी बेतणीचा सूट खांद्यात बसायचा आणि कमरेत फुगायचा.

सूट ज्या फेसाळ रबराचा असतो त्या निओप्रीनची ऊब त्यातल्या वायूच्या बारीक बुडबुड्यांची असते. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे दबतात, सूट पातळ होतो. म्हणून वर पुरेशी वाटलेली ऊब खाली कमी पडते. तरंगण्याची ताकदही घटते, तेव्हा जाड सूटमध्ये खाली जाण्यासाठी पट्ट्याला लावायच्या वजनाचा अंदाज नव्यानं घ्यावा लागतो. तलावात जमलेलं वजन समुद्रात कमी पडतं. माणूस आणि सामान मिळून १०० किलो असेल तर खाऱ्या पाण्यात अडीच-तीन किलो वाढवावे लागतात.

हातमोज्यांकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. शरीर गारठू लागलं की रक्त आधी बोटांतून माघार घेतं, आणि बधिर बोटांनी वजनाच्या पट्ट्याचा खटका उघडता येत नाही. तेव्हा हा प्रश्न नुसत्या आरामाचा राहत नाही. अंगठा सोडून तळव्याचा घेर मोजा. बोटांच्या टोकाशी मोकळी जागा नको, कारण तिथं पाणी खेळतं; पण मूठ वळताना ताणही बसता कामा नये, आवळलेल्या हातात रक्त कमी पोचतं. फॉल्स बेसाठी ५ मिलिमीटर योग्य. याहून थंड पाण्यासाठी तीन बोटांचे मोजे मिळतात, त्यांत बोटं एकमेकांना ऊब देतात, पण बटणं सापडायला वेळ लागतो. मनगट लांब असलेला मोजा घ्या आणि तो सूटच्या बाहीखाली जाईल असं बघा. गारठ्यात ज्यांची बोटं पांढरी पडतात त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. तलावात मोजे घालून मुखवट्यातलं पाणी काढणं, तरंगण्याच्या जॅकेटमध्ये हवा भरणं-सोडणं आणि पट्टा सोडणं हे सगळं डोळे मिटून जमेपर्यंत करा.

सायमन्स टाउनजवळ उतरलो तेव्हा पहिला गार झटका कपाळाला आणि मानेला बसला, म्हणून हूड, म्हणजे डोकं आणि मान झाकणारी निओप्रीनची टोपी, हवाच. मग केल्पचं, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाचं, जंगल उघडलं. तळापासून पृष्ठभागापर्यंत उभे दांडे, त्यांतून तिरपं येणारं ऊन, आणि खाली खडकात पट्टेरी पायजमा शार्क निवांत पडलेले. लाटेच्या ओढीत दांडा धरून थांबता येतं, तिथं मोजे कामी येतात. खाली समुद्री साळिंदरांचे (सी अर्चिनचे) काटेही असतात. अंदमानात मात्र हेच मोजे बॅगेत ठेवा. मोजे असले की माणूस सहज प्रवाळाला हात लावतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते घालूच देत नाहीत.

दोन डाइव्हच्या मध्ये खरी थंडी वाऱ्याची असते. वारा अडवणारं जाकीट आणि लोकरीची टोपी जवळ ठेवा. थर्मासमधलं कोमट, कढत नव्हे, पाणी मोज्यांत ओतून मग हात घातले की सुरुवात चांगली होते. ताई थरथरू लागली तेव्हा आम्ही त्या दिवसाचा पुढचा डाइव्ह सोडून दिला. थरथर सुरू झाली की वर यायचं, हे पाण्यात जाण्याआधी जोडीदाराशी ठरवून घ्या.

पैशांचं म्हणाल तर ७ मिलिमीटरचा सूट तिथं भाड्यानं मिळतो. तो बॅगेत भरून नेला तर वजन आणि जागा दोन्ही खातो. हातमोजे, हूड आणि बूट मात्र स्वतःचे, आधी वापरून पाहिलेले न्या. परतल्यावर गोड्या पाण्यात धुऊन, उलटे करून, सावलीत वाळवा. उन्हानं निओप्रीन कडक होतं. जुलैत नाशिकला परत आलात तर पंख्याखाली टांगा, आणि बोटांच्या आतपर्यंत कोरडं झाल्याशिवाय कपाटात ठेवू नका.