न विचारणारा प्रोग्राम
मोबाइलवरचं कुठलंही अ‍ॅप उघडा, ते प्रश्न विचारत सुटतं. ओटीपी टाका, परवानगी द्या, नक्की ना? मेनफ्रेमवरचा, म्हणजे बँका वापरतात त्या मोठ्या संगणकावरचा, बॅच प्रोग्राम एका शब्दानं विचारत नाही. तो चालतो रात्री. तेव्हा सगळे झोपलेले, विचारणार तरी कोणाला? जे लागेल ते त्याच्या हाती आधीच द्यायचं आणि आपण पडायचं.

मी हे काम यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात, घरी बसून करतो. लाइन गेली तर इंटरनेट जातं, जॉब, म्हणजे मेनफ्रेमला सोपवलेलं काम, जात नाही. एकदा सबमिट झाला की त्याचा आमच्या डीपीशी काही संबंध उरत नाही. शेजारच्या काकूंना हे सांगत होतो, तर म्हणाल्या, "म्हंजे चाड्यावर मूठ धरल्यासारखंच हाये ना बापू हे." इतकं नेमकं मला कोणत्या ट्रेनिंगमध्ये ऐकायला मिळालं नव्हतं. तिफण चालू झाली की थांबून विचारत नाही, बी किती सोडू म्हणून. मुठीतून सुटेल तेवढं नळ्यांतून तासात जातं.

आमची मूठ लहान. जेसीएल म्हणजे जॉब कसा चालवायचा ते सांगणाऱ्या ओळी. त्यात प्रोग्रामचं नाव देणाऱ्या एक्झेकच्या ओळीवर पार्म, म्हणजे प्रोग्रामला द्यायचा निरोप, लिहायचा तो १०० अक्षरांत बसवावा लागतो. तारीख, शाखेचा क्रमांक, चाचणी आहे की खरं, बस. प्रोग्रामला मिळतं तेही शिस्तीत: आधी दोन बाइटमध्ये लांबी, मग मजकूर. लांबी न बघता मजकूर वाचणाऱ्या प्रोग्रामवर माझा भरवसा नाही. २०१३ मध्ये मेनफ्रेमच्या झेड-ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २.१ आवृत्तीबरोबर पार्मडीडी, म्हणजे पार्म फाइलमधून द्यायची सोय, आली आणि मर्यादा ३२,७६० बाइटवर गेली. सोय आहे, नाही कशाला म्हणू? पण शंभरात मावत नाही तो बहुतेक डेटाच असतो, असं माझं जुनाट मत.

डेटासाठी सिसइन आहे, जेसीएलमध्येच डेटाच्या ओळी लिहायची जागा. तिफणीमागे सरता बांधून तुरीचं बी वेगळं सोडतात, तशी ही वेगळी वाट. डीडी स्टार लिहायचं, खाली ओळी, शेवटी स्लॅश-स्टार. ओळ ८० रकान्यांची, कारण आयबीएमचं १९२८ चं पंच कार्ड ८० रकान्यांचं होतं. कार्डं गेली, ती वाचणारी यंत्रं भंगारात गेली, रकाने राहिले.

आणि खरी गंमत रकान्यांतच आहे. रक्कम एक घर डावीकडे सरकली, तर शेवटच्या आकड्याच्या जागी स्पेस येते. बेरजेला बसलेला कोबोल भाषेतला प्रोग्राम तिथं सहसा एस-झिरो-सी-सेव्हन, म्हणजे आकड्याच्या जागी भलतंच काही असल्याची चूक, देऊन कोसळतो. ऑपरेटरचा फोन येतो, झोपमोड होते, पण चूक सापडते. उजवीकडे सरकली तर? पहिल्या घरातल्या स्पेसला तो बऱ्याचदा शून्य समजतो, शेवटचा आकडा रकान्याबाहेर पडतो, आणि पाच हजारांचे पाचशे करून जॉब रिटर्न कोड शून्यानं, म्हणजे सगळं ठीक आहे असं सांगून, संपतो. कोणाचा फोन येत नाही. मला त्या शांत रात्रीचीच जास्त धास्ती.

म्हणून जॉबच्या पहिल्या स्टेपला, म्हणजे टप्प्याला, एक छोटा प्रोग्राम असतो. शेवटच्या कार्डावर, म्हणजे ओळीवर, सगळ्या रकमांची बेरीज लिहिलेली असते, ती तो ताडून बघतो. जुळली नाही तर रिटर्न कोड १६, आणि पुढच्या स्टेपा चालतच नाहीत. फक्त बेरीज लिहिणाऱ्यानं ती त्याच सरकलेल्या रकान्यांवरून काढलेली नसावी.