दिएन बिएन फू : परातीच्या तळाशी दोन दिवस

हनोईहून रात्री निघालेल्या स्लीपर बसने आम्हाला पहाटे सव्वाचारला दिएन बिएन फूच्या स्टँडवर उतरवलं. व्हिएतनामच्या वायव्येचं हे गाव, १९५४ मध्ये व्हिएतनामी सैन्याने फ्रेंचांना वेढून हरवलं ते इथेच. पोचायची वेळ सहाची सांगितली होती. लवकर पोचल्याचं सुख काही नव्हतं. हॉटेलला कुलूप, चहाची टपरी नाही, आणि मामा मफलर आवळत म्हणाले, "गाडी चांगली होती गं, पण ती झोपायची फळी साडेपाच फुटांच्या माणसाची. माझे गुडघे कुठे ठेवायचे ते त्यांनी ठरवलंच नव्हतं."

म्हणून पहिला सल्ला: जाताना विमानाने जा. हनोईहून तासाभरात पोचता, आणि विमानतळ जिथे आहे तिथेच १९५४ मध्ये फ्रेंचांची धावपट्टी होती. सगळी लढाई ज्या पट्टीच्या जिवावर उभी होती, तिथेच तुमची चाकं टेकतात. परतताना मात्र दिवसाची गाडी धरा, म्हणजे फा दिन घाट उजेडात दिसेल. हा ३२ किलोमीटरचा घाट म्हणजे व्हिएतनामी सैन्याच्या रसदीची मुख्य वाट. आमचा तो जाताना अंधारात गेला.

मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मी साताऱ्याची आणि गडकिल्ल्यांवर भटकणारी. दोघांनाही इथे यायची खाज त्या लढाईतला व्हिएतनामी सेनापती, जनरल व्हो न्गुएन ज्याप, याच्यामुळे लागली. इतिहासाचा शिक्षक असलेला, कुठल्याही लष्करी शाळेत न शिकलेला माणूस. १९४४ च्या डिसेंबरात ३४ जणांच्या तुकडीपासून सुरुवात करतो आणि दहा वर्षांनी फ्रेंच साम्राज्याचं कंबरडं मोडतो. शिवाय आपल्याकडच्या कौटुंबिक ग्रुपांवर दर काही महिन्यांनी फिरणारा तो निरोप, की व्हिएतनाम जिंकलं ते शिवरायांचा अभ्यास करून. संग्रहालयात मी फलक न फलक वाचला, तसा काही मागमूस नाही. महाराजांना त्या प्रशस्तिपत्राची गरजही नाही. उलट तो निरोप डोक्यात ठेवून गेलात तर गल्लत होईल, कारण इथे घडला तो गनिमी कावा नाही. इथे घडला तो वेढा, तोही तोफांचा.

हे कळायला आधी डी-१ टेकडी चढा (इथल्या टेकड्यांना लढाईपासून अशीच अक्षर-आकड्यांची नावं आहेत), संग्रहालय नंतर. वर विजयाचा भलामोठा कांस्य पुतळा आहे, पायऱ्या ३२०. मामा दोनदा बसले. वरून म्वाँग थान्हचं खोरं एका नजरेत येतं: मधून नाम रोम नदी, दोन्ही बाजूंना हिरवी भातखाचरं, भोवती डोंगरांची कड. थेट परात. आपल्याला गड वर आणि शत्रू खाली बघायची सवय. इथे फ्रेंच आपण होऊन परातीच्या तळाशी जाऊन बसले. २० नोव्हेंबर १९५३ ला त्यांनी हवाई छत्रीधारी उतरवले, व्हिएतनामी सैन्याची लाओसकडे जायची वाट अडवायची म्हणून. ते मूर्ख नव्हते. वर्षभर आधी ना सान इथे अशाच तळावर ज्यापचे हल्ले त्यांनी परतवले होते. त्याआधी १९५१ मध्ये लाल नदीच्या सपाटीवर ज्यापने उघड्या मैदानात माणसं घातली आणि जबर मार खाल्ला. फ्रेंचांचा हिशेब साधा होता: या डोंगरांतून जड तोफा येणार नाहीत, आल्याच तर आपल्या तोफा त्यांना गप्प करतील, आणि रसद विमानाने येत राहील.

दुसऱ्या दिवशी म्वाँग फांगला गेलो, ज्यापच्या मुख्यालयात. गावापासून ३० किलोमीटरच्या आसपास. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हॉटेलवाले हसतमुखाने स्कूटर देतात, पण भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना व्हिएतनाममध्ये धरला जात नाही. अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते. ड्रायव्हरसह गाडी घ्या. आम्ही अर्ध्या दिवसाची ठरवली आणि ना न्यानजवळ तोफा ओढणाऱ्यांचं शिल्प आहे तिथेही थांबलो. दोन टनांहून जड १०५ मिलिमीटरची तोफ, पुढे दोरांना लटकलेली माणसं, मागे चाकाखाली ओंडका सरकवणारा एक. मामा त्या ओंडक्यापाशी रेंगाळले. "घाटात ब्रेक गेला की क्लीनर हेच करतो," म्हणाले, "फक्त तो पळू शकतो." अशाच एका उतारावर दोर तुटला तेव्हा 'तो व्हिन्ह दिएन' नावाचा सैनिक तोफेच्या चाकाखाली आडवा झाला. त्याची कबर आपल्याला पुढे भेटते.

मुख्यालय म्हणजे दाट झाडीत बांबूची, गवताने शाकारलेली खोपटी आणि डोंगरात खणलेला एक बोगदा. ज्यापच्या झोपडीत बांबूचं टेबल आणि बांबूचाच पलंग. मला दिएन बिएन फूत सगळ्यात महत्त्वाची जागा हीच वाटली, कारण या मोहिमेतला सर्वांत मोठा निर्णय हल्ला न करण्याचा होता.

हल्ला ठरला होता २५ जानेवारी १९५४ ला. झटपट मारा, झटपट जिंका, अशी योजना. चिनी सल्लागारांचा तिला पाठिंबा, हाताखालचे अधिकारी उतावीळ, तोफा रात्री-रात्री ओढून जागेवर आणलेल्या. हल्ला एक दिवस पुढे ढकलला. ज्याप रात्रभर जागा. डोकेदुखीवर कपाळाला औषधी पाला बांधलेल्या अवस्थेत २६ च्या सकाळी तो चिनी सल्लागाराला भेटला आणि सांगितलं, रद्द. त्याची कारणं रोखठोक होती. आपण एका दमात एका बटालियनपेक्षा, म्हणजे काही शे सैनिकांपेक्षा, फार मोठी फौज कधी मोडलेली नाही. तोफा आणि पायदळ एकत्र लढण्याचा सराव नाही. आपली माणसं रात्री, झाडीत लढलेली, आणि इथे दिवसाउजेडी सपाटीवर लढायचंय. निघताना हो ची मिन्हने त्याला बजावलं होतं की जिंकण्याची खात्री असेल तरच लढ. मग तोफा त्याच वाटेने परत मागे ओढल्या. ज्यांनी त्या चढवल्या त्यांना हे सांगताना काय झालं असेल! त्याच वेळी एक डिव्हिजन लाओसकडे धाडली, म्हणजे फ्रेंच विमानांचं लक्ष तिकडे जावं.

पुढचे सहा-सात आठवडे खणण्यात आणि वाहण्यात गेले. तोफा डोंगराच्या मागच्या उतारावर असतील असं फ्रेंच धरून चालले होते. ज्यापने त्या समोरच्याच उतारांवर खोदलेल्या कोनाड्यांत विखरून ठेवल्या, आणि विमानांना फसवायला दुसरीकडे लाकडी तोफा मांडल्या. १३ मार्चला मारा सुरू झाला तेव्हा त्या कोनाड्यांवर फ्रेंच तोफांची मात्रा चालेना. त्यांचा तोफखान्याचा प्रमुख, एका हाताचा कर्नल पिरोथ, याने दोन दिवसांत हातबॉम्बने स्वतःला संपवलं. मार्चअखेर धावपट्टी निकामी झाली. आता रसद फक्त छत्रीने, आणि त्यातली कितीतरी वेढा घालणाऱ्यांच्या पदरात.

संग्रहालयाला निदान तीन तास द्या, पण दुपारची सुट्टी सांभाळून. अकराच्या सुमारास दारं बंद होतात आणि दीडशिवाय उघडत नाहीत, आम्ही नेमके तेव्हाच पोचलो होतो. ३६० अंशांचं विशाल चित्र भव्य आहे, त्याचे फोटो सगळे काढतात. मामा मात्र सायकलीपाशी अडकले. साधी सायकल, पण सीट बसायला नाहीच. हँडलला बांबू बांधून लांबवलेला, म्हणजे बाजूने चालत वळवता येईल. सीटच्या मागे उभा दांडा, ढकलायला. टायरवर फाटक्या कपड्यांच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. अशा वीसेक हजार सायकली, एकेकीवर दोनशे-तीनशे किलो. "तीनशे म्हणजे सिमेंटची सहा पोती," मामा म्हणाले. "आमच्या डेपोत कोणी असं काही जोडलं असतं तर त्याला मेमो मिळाला असता." वाहणारे अडीच लाखांहून जास्त गावकरी होते. ज्यापची युद्धनीती काय, असं कोणी विचारलं तर मी नकाशा न दाखवता ही सायकल दाखवीन.

ज्यापला देव्हाऱ्यात बसवायचं मात्र कारण नाही. मार्चअखेर पूर्वेच्या टेकड्यांवर त्याने पुन्हा माणसं लाटेसारखी फेकली, नुकसान भयंकर झालं, सैनिक खचले. मग परत खणणं, या वेळी चर. चर खणत शत्रूच्या काटेरी तारांपर्यंत जायचं, आणि मग तारांखालून. ए-१ टेकडीवर त्याचं टोक दिसतं: टेकडीच्या पोटात बोगदा खणून जवळपास एक टन स्फोटकं ६ मेच्या रात्री उडवली, तो खड्डा आज गवताने मऊ झालाय. दुसऱ्या दिवशी, ७ मेला, फ्रेंच तळाचा प्रमुख द कास्त्री आपल्या भुयारी ठाण्यात पकडला गेला. ५६ दिवस. ८ मेला जिनिव्हात इंडोचायनाची, म्हणजे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियाची, बोलणी सुरू झाली. पुढे त्यातून झालेल्या तहावर देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे आलं, म्हणजे आपली माणसंही या गोष्टीच्या शेवटच्या पानावर आहेत.

ए-१ च्या समोरच्या दफनभूमीत ६४४ कबरी आहेत. नावं फक्त चारांवर, त्यातलं एक 'तो व्हिन्ह दिएन'चं. बाकी दगड कोरे. इथे तिकीट नाही. उदबत्ती दारातच मिळते. गुडघे झाकणारे कपडे घाला.

शाकाहारींसाठी: "आन चाय" एवढे दोन शब्द पाठ करा आणि तरी मासळीच्या रसाची चौकशी करा, तो भाजीतही पडतो. चिकट भात, उकडलेली भाजी आणि शेंगदाण्या-तिळाचं मीठ यावर आमचं भागलं. सोबत मेतकूट होतंच. व्हिसा ऑनलाइन मिळतो. छोट्या नोटा जवळ असू द्या, तिकिटं स्वस्त आहेत पण प्रत्येक ठिकाणी वेगळी. पावसाळा टाळा, १९५४ मध्येही एप्रिलअखेर चरांत गुडघाभर चिखल होता.

शक्यतो मार्चमध्ये जा. तेव्हा सगळ्या डोंगरांवर पांढरी-गुलाबी कांचन फुललेली असते, तिथे तिला बान म्हणतात. पान अगदी आपट्यासारखं जोडलेलं. मामांनी ए-१ वरून एक पान उचललं आणि पासपोर्टात ठेवलं. हनोईच्या विमानतळावर अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, पान बघितलं, मामांकडे बघितलं, आणि शिक्का पुढच्या पानावर मारला.