तुम्ही विचारलंत म्हणून : पुन्हा तीच सिंड्रेला

डिसेंबर उजाडला की पुण्याहून येणाऱ्या फोनवर एक प्रश्न ठरलेला असतो. तो प्रथम विचारला माझ्या मावशीने. "तुमचा काही तो सण नाही, चर्चला तुम्ही जात नाही, मग नाताळच्या सुट्टीत दरवर्षी तेच सिनेमे आणि तीच गाणी घेऊन कशाला बसता गं? तिकडे नवीन काही लागत नाही का?" पुढे हाच प्रश्न मैत्रिणींनी विचारला आणि शिकण्यासाठी किंवा नोकरीसाठी इकडे नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींनीही विचारला. आजवर मी "सवय झाली" एवढ्यावर वेळ मारून नेत आले. पण ते उत्तर अर्धवट आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आम्ही जर्मनीच्या पूर्वेला, सॅक्सनी राज्यातल्या ड्रेस्डेन शहरात राहतो. आमचा इथला पहिला नाताळ २००९ सालचा. त्या वर्षी चोवीस डिसेंबर गुरुवारी होता आणि त्या दिवशी दुपारी दोननंतर इथली दुकाने कायद्याने बंद होतात, ही गोष्ट मला अडीच वाजता, रिकामी पिशवी हातात घेऊन दुकानाच्या बंद दारासमोर उभी असताना कळली. पंचवीस आणि सव्वीस हे दोन्ही दिवस सरकारी सुट्टीचे, सत्तावीसला रविवार. म्हणजे सोमवार सकाळपर्यंत दुधाचा थेंब मिळायचा नाही. वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांच्याकडे दूध मागायला गेले तेव्हा त्यांनी दुधाबरोबर ष्टोलेनचे, म्हणजे मनुका घातलेल्या आणि पिठीसाखरेत माखलेल्या इथल्या प्रसिद्ध केकचे, चार जाड काप दिले आणि संध्याकाळी टीव्ही बघायला बोलावले. आमच्या नाताळाची सुरुवात अशी उसन्या दुधाने झाली. तीन दिवस गाव असे कुलूपबंद असते आणि चार वाजता अंधार पडतो, तेव्हा माणसाने काय बघावे हा प्रश्न बराचसा त्याच्या हातात राहत नाही, हे मी त्या तीन दिवसांत शिकले.

त्या संध्याकाळी पाहिलेला चित्रपट म्हणजे 'ड्राय हाझेलन्यूसे फ्यूर आशेनब्र्योडेल', मराठीत सांगायचे तर 'सिंड्रेलासाठी तीन हेझलनट'. चेकोस्लोव्हाकिया आणि तेव्हाचा पूर्व जर्मनी या दोन देशांनी मिळून तो १९७३ साली काढला. दिग्दर्शक व्हाक्लाव्ह वोर्लिचेक, संगीत कारेल स्वोबोदा यांचे, आणि सिंड्रेलाच्या भूमिकेत लिबुशे शाफ्रान्कोवा. एकोणिसाव्या शतकातल्या चेक लेखिका बोझेना न्येम्त्सोवा यांच्या कथेवर तो बेतलेला असल्यामुळे त्यात भोपळ्याचा रथ नाही, छडी फिरवणारी परी नाही आणि बाराच्या ठोक्याची भीतीही नाही. गाडीवानाने आणून दिलेले तीन हेझलनट एकेक करून फुटतात आणि त्यांतून शिकारीचा पोशाख, नृत्यसमारंभाचा झगा आणि लग्नाचा वेश निघतो. ही सिंड्रेला झाडावर चढते, घोडा भरधाव फेकते, राजपुत्रापेक्षा अचूक नेम धरते, आणि समारंभात त्याने मागणी घातली तर होकार देण्याऐवजी त्याला कोडे घालते. आपली मुलगी सिंड्रेलावर वाढू नये असे मला वाटत असे. या सिंड्रेलावर ती वाढली याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मात्र या चित्रपटात नाताळ कुठेच नाही. ना सजवलेले झाड, ना भेटवस्तू, ना बाळ येशू. मूळ योजनेप्रमाणे चित्रीकरण उन्हाळ्यात व्हायचे होते. पूर्व जर्मनीच्या चित्रसंस्थेला हिवाळ्यात आपल्या माणसांच्या हाताला काम हवे होते, म्हणून कथा हिवाळ्यात ढकलली गेली, असे दिग्दर्शकानेच नंतर सांगितले होते. त्यातही हिम पुरेसे पडले नाही तेव्हा मासळीच्या भुकटीचे कृत्रिम हिम पसरावे लागले आणि त्याचा वास सगळ्यांना नकोसा झाला, असे सांगतात. (पडद्यावरच्या त्या शुभ्र रानाला बोंबलाच्या वाळवणासारखा वास येत असणार, हे मला कळल्यापासून मी तो प्रसंग पूर्वीसारखा पाहू शकत नाही.) म्हणजे आज ज्या चित्रपटाशिवाय लाखो जर्मन आणि चेक घरांचा नाताळ पुरा होत नाही, तो नाताळाचा झाला तो एका स्टुडिओच्या कामाच्या वेळापत्रकामुळे.

राजवाडा म्हणून जो दिसतो तो आमच्या शेजारचा मोरित्सबुर्गचा किल्लेवजा महाल. ड्रेस्डेनला लागून असलेल्या राडेबॉयलहून कोळशाच्या इंजिनाची, अरुंद रुळांवरची छोटी आगगाडी तिथे जाते. इथले लोक तिला लाडाने डॅक्सहुंड कुत्र्याचे नाव देतात, कारण ती तशीच बुटकी, लांब आणि कुरकुरी आहे. तळ्याच्या मधोमध तो पिवळा-पांढरा महाल, आणि ज्या पायऱ्यांवरून सिंड्रेला पळाली तिथे आता एक धातूचा बूट बसवलेला आहे. हिवाळ्यात आत या चित्रपटाचे प्रदर्शन भरते. नृत्याचा दिवाणखाना मात्र आत शोधून सापडत नाही, कारण तो स्टुडिओतला देखावा होता. माझ्या मुलीने सहाव्या वर्षी या कारणावरून तिथेच भोकाड पसरले होते.

एक सिनेमा झाला. आता गाण्याकडे येते, कारण मावशीच्या प्रश्नाला खरे उत्तर मला तिथे सापडले. ड्रेस्डेनच्या क्रॉइत्सकिर्श या चर्चमधला मुलांचा गायकवृंद आठशे वर्षांहून जुना आहे, आणि नाताळाच्या आधी तो योहान सेबास्टियन बाख यांचे 'वाइनाख्ट्स-ओराटोरियुम' गातो. बाखने हे १७३४ सालच्या नाताळासाठी लाइपझिगमध्ये सिद्ध केले. त्याचे सहा भाग पंचवीस डिसेंबर ते सहा जानेवारी या काळातल्या सहा दिवसांसाठी आहेत. सुरुवातीला स्वर नाही की शब्द नाही, एकट्या टिंपनीचे, म्हणजे आपल्या नगाऱ्याच्या युरोपी भावंडाचे, ठोके पडतात, मग बासऱ्या येतात, मग तुताऱ्या, आणि त्यानंतर कुठे आनंद करा असे सांगत गायकवृंद उसळतो. हे असे ढोलाने का सुरू होते, असा मला नेहमी प्रश्न पडे. एका वर्षी कार्यक्रमपत्रिकेत उत्तर मिळाले. बाखने हे संगीत आधी, १७३३ साली, सॅक्सनीच्या राज्यकर्त्याची पत्नी आणि पोलंडची राणी मारिया योझेफा हिच्या वाढदिवसासाठी रचले होते आणि त्या वेळी पहिले शब्दच नगाऱ्यांना आणि तुताऱ्यांना उद्देशून होते : नगाऱ्यांनो, वाजा! म्हणून नगारे वाजले. वर्षभराने शब्द बदलले, राणीच्या जागी येशूचा जन्म आला, नगारे तेवढे जागचे हलले नाहीत. त्या राणीचा दरबार आमच्याच गावात होता. ज्यांना हे ऐकून रसभंग झाल्यासारखे वाटेल त्यांना मी एवढेच सांगेन की चर्चच्या थंडगार बाकावर कोट गुंडाळून बसलेले असताना तो पहिला ठोका पडतो तेव्हा मला गणपतीच्या मिरवणुकीतला ताशा आठवतो, आणि त्या क्षणी तो ठोका राणीचा, येशूचा की गणपतीचा हे मी विचारत नाही.

तर मावशीचा "तुमचा काही तो सण नाही" हा मुद्दा मला इथे लटका वाटू लागतो. नाताळाच्या म्हणून ज्या गोष्टी आम्ही बघतो आणि ऐकतो त्यांतल्या बहुतेक नाताळासाठी जन्मल्याच नव्हत्या. त्या जशा बाहेरून येऊन सणाला चिकटल्या, तसेच आम्हीही बाहेरून येऊन चिकटलो.

एकतीस डिसेंबरचे प्रहसन हे याचे सर्वांत वेडे उदाहरण आहे. 'डिनर फॉर वन' हे अठरा मिनिटांचे इंग्रजी प्रहसन हॅम्बर्गच्या दूरचित्रवाणीने १९६३ साली मुद्रित केले, आणि १९७२पासून ते दरवर्षी वर्षअखेरीच्या संध्याकाळी लागते. भाषांतर नाही, तळाशी अक्षरे नाहीत. सुरुवातीला एक गृहस्थ जर्मनमध्ये प्रसंग समजावून सांगतात, पुढे सगळे इंग्रजी. मिस सोफी या बाईंचा नव्वदावा वाढदिवस आहे. टेबलावर चार मित्रांच्या जागा मांडलेल्या आहेत, पण चौघेही केव्हाच वारले आहेत, म्हणून जेम्स हा वृद्ध बटलर त्या चौघांच्या वतीने प्रत्येक पदार्थाबरोबरचा प्याला रिकामा करतो आणि उत्तरोत्तर झिंगत जातो. जमिनीवर वाघाचे कातडे आहे. त्याच्या डोक्याला अडखळण्याची त्याची तऱ्हा दर वेळी निराळी. प्रत्येक पदार्थाआधी तो विचारतो, गेल्या वर्षीप्रमाणेच का? आणि बाई उत्तर देतात, दर वर्षीप्रमाणेच. हे वाक्य इथे कचेरीतल्या बैठकीपासून लग्नाच्या वाढदिवसापर्यंत कुठेही ऐकू येते. जेम्स झालेले फ्रेडी फ्रिंटन १९६८ साली वारले. आपण परक्या देशाच्या वर्षअखेरीचे मानकरी होणार आहोत हे त्यांना कधीच कळले नाही, आणि त्यांच्या स्वतःच्या देशात हे प्रहसन कितीतरी वर्षे जवळजवळ कुणाला ठाऊक नव्हते.

त्या जेवणाचा पहिला पदार्थ असतो मलिगटॉनी सूप. आमच्याकडे जमलेल्या जर्मन मंडळींना मी दरवर्षी सांगते की हा शब्द तमिळ आहे, मिळगु म्हणजे मिरी आणि तण्णी म्हणजे पाणी, आणि इंग्रजांनी आपल्याकडच्या साराची ही गत केली आहे. ते दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे आश्चर्य दाखवतात. मी त्या रात्री आमसुलाचे सार करते, आणि पडद्यावर सूप वाढले जात असताना आम्ही वाट्या पुढे करतो. दर वर्षीप्रमाणेच.

बाकीच्यांबद्दल फार लिहायला नको. 'छोटा लॉर्ड' हा अ‍ॅलेक गिनेस यांचा १९८० सालचा ब्रिटिश चित्रपट नाताळाआधी लागतो, आणि खडूस आजोबा नातवामुळे पाघळतात हे ठाऊक असूनही माझे यजमान नेमके त्याच जागी चष्मा पुसतात. व्हॅम यांचे १९८४चे 'लास्ट ख्रिसमस' हे प्रेमभंगाचे गाणे मात्र दुकानादुकानांतून इतके वाजते की डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर मी टोपी कानावर ओढून खरेदी करते. ते मला आवडत नाही, आणि आवडत नाही असे म्हणण्याचा हक्कही सोळा वर्षांच्या मुक्कामाने मिळतो असे मी समजते.

सगळ्यांचे लाडके ते आपलेही होते असे नाही, हे मला वरच्या आजींनी शिकवले. पश्चिम जर्मनीत वाढलेल्या आमच्या मित्रांना लोरिओ या विनोदकाराचे १९७८ सालचे नाताळाचे नाट्य तोंडपाठ आहे. त्यातले आजोबा, पूर्वी झाडावर झिरमिळ्या जास्त असत, अशी तक्रार करत राहतात, जसे आपल्याकडे कुणीतरी पूर्वीची दिवाळी राहिली नाही म्हणतेच. आजी मात्र त्यावर हसत नाहीत. फाळणीच्या काळात पूर्व जर्मनीत जवळपास सगळीकडे पश्चिमेची दूरचित्रवाणी चोरून का होईना दिसे, पण ड्रेस्डेन एल्बे नदीच्या खोलगट खोऱ्यात असल्यामुळे इथपर्यंत त्या लहरी पोहोचत नसत. बाकीचे देशबांधव या भागाला थट्टेने 'बेखबरांचे खोरे' म्हणत. आजींच्या आठवणीतला नाताळ म्हणजे पूर्व जर्मन दूरचित्रवाणीचा 'न्याहारी आणि हंसाचे जेवण यांच्या दरम्यान' हा पंचवीस डिसेंबरचा कार्यक्रम. १९५७ साली तो सुरू झाला. १९९१ साली, देशच उरला नाही त्यानंतर, तोही संपला. त्या म्हणतात, भाजत ठेवलेल्या हंसावर रस घालायला भट्टी केव्हा उघडायची हे घड्याळावर नव्हे, त्यातल्या गाण्यांवर ठरत असे. आता त्या वेळी त्या टीव्ही लावत नाहीत. सिंड्रेलासाठी मात्र खाली येतात, कारण तिला दोन्ही जर्मनींनी आपले मानले.

आमच्याकडून या यादीत एकच भर पडली आहे. सत्तावीस तारखेला गावातली चार-पाच मराठी कुटुंबे आमच्या घरी जमतात आणि १९८८ सालचा 'अशी ही बनवाबनवी' लावला जातो. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या आधी संवाद म्हणण्याची मोठ्यांमध्ये चढाओढ लागते, आणि इथे जन्मलेली मुले, ज्यांना निम्मे शब्द कळत नाहीत, ती आम्ही हसण्याच्या एक क्षण आधी हसतात. सराव झाला आहे त्यांना.

शेवटी मावशीबद्दल सांगायला हवे, कारण प्रश्न तिचा आहे. एका डिसेंबरात ती इकडे आली. चोवीस तारखेला तिला जर्मनचा एक शब्द कळत नसताना सिंड्रेलासमोर बसवले आणि मी शेजारी बसून सावत्र आईपासून राजापर्यंत सगळ्यांचे बोलणे एकाच आवाजात मराठीत सांगत राहिले. नॉर्वेत हा चित्रपट दर नाताळात असाच दाखवतात; तिथेही एकच निवेदक सगळ्या पात्रांचे संवाद वाचतो, स्त्रियांचेसुद्धा, आणि लोकांना तो तसाच हवा असतो. पहिल्या दिवशी मावशी मधूनमधून झोपली. सव्वीसला दुसऱ्या वाहिनीवर तो पुन्हा लागला, तेव्हा तिने विणकाम बाजूला ठेवले. महिनाअखेरीस तिसऱ्यांदा लागला आणि मी सवयीने भाषांतर सुरू केले, तेव्हा तिने मला हाताने गप्प केले. सिंड्रेला आणि राजपुत्र हिमातून घोडे दौडवत निघून गेले, संगीत थांबले, आणि मावशी चष्मा काढत म्हणाली, "हा शेवटचा घोड्यांचा भाग पुन्हा कधी लागेल गं?"

"परवा," मी म्हणाले, "दुपारी."