जवसाच्या तेलाने गच्च झालेलं सिंगर २८ अखेर फिरलं: महालातल्या बैठकीची नोंद

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की माझं जुनं, हाताने फिरवायचं शिलाई मशीन रॉकेल पिऊन पिऊनही हलत नाही. आता हललंय. चाक एका बोटाने फिरतं, टाका पडतो, आणि याचं बरंचसं श्रेय नागपूरच्या महाल भागातल्या, जुन्या शिलाई मशीनच्या हौशींच्या रविवारच्या बैठकीला आहे.

आधी मशीनबद्दल, नव्याने वाचणाऱ्यांसाठी. सिंगर २८, म्हणजे २७ चीच लहान आवृत्ती. नंबर एफ अक्षराने सुरू होतो, त्यावरून ते स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातलं, १९१० च्या दशकातलं. आत गोल बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, नाही. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शटल आहे आणि त्यात लांब, बारीक बॉबिन बसते. शटल एका दांड्यावर बसून कमानीत मागेपुढे झुलतं आणि सुईच्या दोऱ्याच्या फासातून आरपार जातं. वरची सरकपट्टी उघडून हे बघत बसावं, वेळ कसा जातो कळत नाही.

बैठकीत नेहमीची मंडळी होती, शिवाय सक्करदऱ्याकडचे दोन नवे चेहरे. ओसरीवर सतरंजी टाकून मशीनं मांडली होती. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगच्या जुन्या काळ्या उषा तीन-चार, एक सिंगर ६६, एक जर्मन फाफ, आणि मोच्यांकडे असतं ते सिंगर २९, ज्याचा कापड दाबणारा पाय हव्या त्या दिशेला वळतो. त्या २९ भोवती पोरांची गर्दी होती. त्यावर पुन्हा कधीतरी सवडीने लिहीन.

माझं मशीन मास्टरांनी बघितलं. ते जन्मभर महालात शिवणकाम केलेले, आता दुकान मुलाकडे आहे. त्यांनी मागचं गोल झाकण उघडलं, आतल्या दांड्यावरचा पिवळट थर नखाने खरवडला आणि वास घेतला. "मशीनचं तेल नाही हे. जवसाचं हाय." मग माझ्या हातातला पाना बाजूला ठेवून म्हणाले, "जोर नका लावू, तापू द्या त्याले."

इथेच सगळा उलगडा झाला. आपल्या विदर्भात जवस घरोघरी. मशीनचं तेल संपलं की जे हाताशी असेल ते मशीनला घातलं जायचं. पण जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं, म्हणून तर ते रंगात आणि वार्निशात घालतात. म्हणजे माझ्या मशीनच्या सांध्यांत वंगण नव्हतंच, वार्निश होतं. रॉकेल चिकट झालेलं मशीन ऑइल सोडवतं, पण असं पुरतं वाळलेलं जवस त्याला दाद देत नाही. खोबरेल तेलाची गोष्ट वेगळी. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे नागपुरातल्या जानेवारीच्या सकाळी मशीन अडतं आणि दुपारी उन्हात ठेवलं की सुटतं. तुमचं मशीन फक्त थंडीतच अडत असेल तर आधी हे तपासा.

मग काम सुरू झालं. धरमपेठच्या ताईंनी हेअर ड्रायर आणला होता. एकेका सांध्याला ऊब द्यायची, दोन थेंब रॉकेल, बांबूच्या टोकदार काडीने थर काढायचा, पुसायचं, पुन्हा ऊब. मास्टरांनी मुख्य दांडा, सुईचा दांडा आणि शटलचा दांडा असं एकेक चाचपून पाहिलं. अडकलं होतं ते फक्त शटलच्या बाजूला. हे आधी शोधलं नसतं तर नको तिथे ठोकाठोकी झाली असती. थिनर फक्त सुट्या काढलेल्या पोलादी भागांना लावला. मशीनच्या अंगावर तो किंवा स्पिरिट कधीही लावू नका. सोनेरी नक्षीवर लाखेचा पातळ थर असतो, तो स्पिरिटने विरघळतो आणि नक्षी फडक्यावर येते. साफ करायला मशीनचंच तेल आणि मऊ सुती कापड पुरेसं आहे.

दुपारी शटलचा दांडा थोडा हलला, मग अर्धा, आणि मग चाकाचा पूर्ण फेरा झाला. ताईंनी टाळ्या वाजवल्या. मलाही फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

टाका बघायला मांजरपाटाचा तुकडा घेतला. कापडाच्या वरच्या बाजूला दोऱ्याचे फास येत होते, खालची बाजू ठीक. शटलवरच्या चपट्या स्प्रिंगखाली कधीचा कापसाचा बोंडका दबलेला होता, त्यामुळे खालच्या दोऱ्याला ताणच नव्हता. कागदाची पट्टी खालून सरकवून तो काढला, स्क्रू जरासा आवळला, टाका सरळ झाला. सुई नेहमीची १५×१, इतवारीत कुठेही मिळते. दोरा ओवताना एवढंच लक्षात ठेवायचं, सुईची लांब खाच ज्या बाजूला त्याच बाजूने ओवायचा.

एका गोष्टीवर मात्र बैठकीत चांगलीच जुंपली. नव्या सदस्याने चकचकीत काळा रंग आणि नवे सोनेरी स्टिकर लावलेलं सिंगर आणलं होतं, "अँटिक" म्हणून जबर किमतीला घेतलेलं. नंबराची जागा रंगाखाली बुजलेली. माझं मत स्पष्ट आहे: असा रंग मशीनची कुंडली पुसतो. आणि जुनं म्हणजे दुर्मिळ नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर एकटा क्लाइडबँक कारखाना वर्षाला दहा लाखांहून जास्त मशीनं काढत होता. २००९ मध्ये सौदी अरेबियात जुन्या सिंगरमध्ये "लाल पारा" नावाचा मौल्यवान पदार्थ असतो अशी अफवा उठली आणि किमती आभाळाला भिडल्या. आत काहीच नव्हतं. त्या दादांचं मशीन शिवतं मात्र उत्तम, आणि ते त्यांनी रोज चालवावं असं मास्टरांनीही सांगितलं. मला ते पटलं.

माझ्याकडे आता बॉबिन भरण्याचा भाग राहिलाय. त्यात बदामाच्या आकाराचं एक छोटं चाक असतं. ते फिरलं की दोऱ्याची वाट दाखवणारी काडी डावी-उजवी सरकते आणि लांब बॉबिनवर दोरा सारखा पसरतो. माझ्याकडची काडी वाकलेली आहे. सरळ करायला गेलो तर तुटेल अशी भीती आहे, म्हणून तोवर बॉबिन हातानेच भरतोय. कोणाकडे मोडक्या २७ किंवा २८ चा हा भाग सुटा पडला असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या, बदल्यात माझ्याकडच्या जादा लांब बॉबिन देतो.