आईची परात आणि पिकअपचं हेड

गाडी गरम झाली तेव्हा पहिला संशय फ्रीजवर गेला.

कल्याणच्या चुलतभावाला संसार गावी हलवायचा होता आणि वाशीला टोमॅटो टाकून रिकामी परतणारी आमची पिकअप त्याला आयती सापडली. दोन कपाटं, एक दिवाण, शिलाई मशीन आणि तो फ्रीज. मे महिना, दुपारचे दोन. टोकावडं मागे पडलं, मालशेजची चढण लागली आणि बोगद्याच्या अलीकडे धाकट्यानं काट्याकडे पाहिलं. काटा तांबड्यात जाऊन बसला होता. कधीपासून, ते कुणालाच माहीत नव्हतं. धाकटा म्हणाला, "फ्रीजचं वजन लई झालं." चुलतभाऊ म्हणाला, "फ्रीज दीडशे लिटरचा आहे, आणि तोही रिकामा."

ओतूरला पोचायला रात्रीचे अकरा वाजले. वाटेत पाच ठिकाणी थांबून पाणी ओतलं. सकाळी ऑइलची काडी काढली तर टोकाला दुधाळ, तपकिरी, फेसाळ काहीतरी. गॅरेजवाले याला "ऑइलचा चहा झाला" म्हणतात, आणि रंग बघितला तर शब्द अगदी नेमका आहे. पाणी आणि ऑइल इंजिनात एकमेकांच्या अंगाखांद्यावरून फिरतात, पण भेटत नाहीत. भेटले म्हणजे मधली भिंत गेली. रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली तर पाण्यात बुडबुडे. म्हणजे आतली जळती हवासुद्धा पाण्यात घुसत होती.

"हेड गेलं," धाकटा म्हणाला.

गॅरेजवाल्यानं फोनवरच पस्तीस हजार सांगितले आणि "उघडल्यावर पुढचं बघू" असं वर जोडलं. त्या "पुढचं बघू"नं नानांचं डोकं तापलं. "घरीच उतरवू," ते म्हणाले, आणि त्यांनी मामांना फोन लावला.

मामा नारायणगावच्या एस.टी. आगारात मेकॅनिक होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांचं प्रत्येक बोलणं एस.टी.पासून सुरू होतं. पहिली गाडी १ जून १९४८ला पुण्याहून नगरला गेली, इथपासून. त्यांनी येताना आणलेली हत्यारांची पेटी उघडली तेव्हा आतला एकेक पाना फडक्यात गुंडाळलेला होता. आमच्या घरातले पाने कायम चिखलात सापडतात, म्हणून मला हे जरा लागलंच.

मी पुण्याहून सुटीला आलेलो. दिवसभर ऑफिसात बसून बोटं चालवणाऱ्या माणसाला अशा वेळी गाडीजवळ काय काम द्यायचं, हा प्रश्न असतो. मामांनी मला नटबोल्टचा भांडारपाल केलं. ऑइल धरायला काहीतरी पसरट हवं होतं, म्हणून मी स्वयंपाकघरातून जुनी परात आणली. ती जुनी होती हे माझं मत. आईचं वेगळं आहे.

गाडीचं हेड म्हणजे शेवटी झाकण. सिलिंडरच्या तोंडावर घट्ट बसलेलं बिडाचं जाड झाकण, ज्याच्यातूनच हवा आत येते, धूर बाहेर जातो, डिझेलची नोझल आत डोकावते, आणि वर पाण्याच्याही वाटा. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून सतरा-अठरावा हिस्सा करतात, त्या दाबानंच ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. इंजिन मिनिटाला २००० फेरे मारत असेल तर एकेका सिलिंडरमध्ये मिनिटाला १००० भडके, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा. दर भडक्याला आतला दाब चौरस सेंटिमीटरला शंभर किलोच्या घरात. पिस्टन नऊ सेंटिमीटरचा धरला तर झाकणाला खालून सहा टनांची धडक, सेकंदाला सोळा वेळा. मी हा हिशेब मोबाइलवर मांडला आणि त्यानंतर हेडच्या बोल्टांकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

उतरवायला दीड दिवस गेला. नोझलचे पाइप निघाले, रॉकरची सबंध पट्टी निघाली, आणि तिच्याखालून आठ पुशरॉड, पेन्सिलीपेक्षा जरा जाड सळया. दिसायला आठही सारख्या, पण जी जिथून निघाली तिथंच परत गेली पाहिजे, कारण इतकी वर्षं घासून प्रत्येकीची आपल्या जागेशी गट्टी जमलेली असते. मी चपलांच्या खोक्याच्या झाकणाला आठ भोकं पाडली, आकडे घातले आणि सळया त्यात उभ्या केल्या. मामांनी ते बघून मान हलवली. नोकरीत मिळालेल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा ती मला जास्त लक्षात आहे.

एक्झॉस्टचा एक स्टड गंजून बसला होता, तो रात्रभर डिझेल पाजूनही तुटलाच. त्याचं पुढचं वर्णन करत नाही.

हेडचे बोल्ट काढतानासुद्धा रीत असते. कडेपासून सुरुवात, मग आत आत, आणि एकदम सैल करायचा नाही, प्रत्येकाला थोडं थोडं. धाकट्यानं मधलाच एक धरला तर मामांनी त्याच्या हातावर फटका मारला.

उघडं इंजिन आणि दहावीची मुलगी, घरात दोन्हीपैकी एक असलं की रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला सल्ला सुचतो. दूध घालायला निघालेला, लग्नपत्रिका वाटणारा, बँकेचा वसुलीवाला, सगळे अंगणात वळत. "काय, हेडचं काम का?" हे पहिलं वाक्य. दुसरं वाक्य त्यांच्या स्वतःच्या गाडीचं. आणि मग आरोपी. कुणी म्हणालं घाट, कुणी म्हणालं हल्लीचं डिझेल, कुणी मागच्या वेळी काम केलेल्या मिस्त्रीचा उद्धार केला. नाना यात सगळ्यांना सामील. मिस्त्रीचा उद्धार त्यांना विशेष पटला. धाकट्याचा फ्रीजवरचा संशय मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

हेड दोघांनी उचलून पोत्यावर पालथं घातलं. मामांनी ते घासून लख्ख केलं, डिझेलनं पुसलं, थोडा वेळ मुरू दिलं, कोरडं केलं आणि पुतणीकडून शाळेचा खडू मागून सगळीकडे फासला. आम्ही बघत बसलो. दोनेक मिनिटांत दुसऱ्या सिलिंडरच्या दोन वॉलच्या, म्हणजे हवा-धुराच्या झडपांच्या, मधोमध, पांढऱ्या खडूवर, केसाएवढी एक ओली काळपट रेघ उमटली. तड्यात शिरलेलं डिझेल खडूनं परत बाहेर ओढलं होतं. मशीन नाही, लॅब नाही, तीन रुपयांचा खडू. वर सरळ पट्टी धरून खालून फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पात सरकवली तर मधोमध ०.१५ मिलिमीटरची पातही आरपार गेली. तापून तडकलं होतं आणि वाकलंही होतं.

"फेसिंग करून, मशीनवर घासून सपाट करून चालणार नाही. नवीन हेड घ्या," मामा म्हणाले. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि हेडातल्या पाण्याच्या भोकातून आत फिरवला.

आतून पांढरे पापुद्रे पडले. फोडलेल्या नारळाच्या कवटीसारखे जाड. मामांनी एक तुकडा बोटात चुरला आणि काहीच बोलले नाहीत. बोलली आई. ती परातीच्या चौकशीला बाहेर आली होती.

"हे तर आपल्या बंबात साठतं तेच."

तेच होतं. आमच्या बोअरचं पाणी जड. त्यातला क्षार तापल्यावर बाजूला होतो आणि गरम धातूवर थरावर थर चढवतो. नाना गेली सहा वर्षं रोज सकाळी देवपूजेच्या नेमानं रेडिएटरचं झाकण उघडून तांब्याभर बोअरचं पाणी ओतत होते. गाडीची काळजी घेणं म्हणजे काय, तर हे, अशी त्यांची समजूत. बिडाच्या आणि पाण्याच्या मध्ये चुन्याचं हे पांघरूण बसलं की पाणी फिरत राहतं, पण उष्णता काही त्याच्या हाती लागत नाही. काटा तेव्हा कुठे चढतो, पण बीड आतल्या आत कधीचं भाजत असतं.

"या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे मी वीस वर्षं सांगते," आई म्हणाली.

अंगणात जरा शांतता झाली. घरी काम काढल्याचा तोटा हा, की आरोपी घरातलाच निघाला तर त्याला उभं करायला दुसरी जागा नसते. गॅरेजमध्ये हे पापुद्रे आम्हाला दिसलेच नसते. बिल दिलं असतं, मिस्त्रीला दोन शिव्या घातल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या भरून घेतला असता.

नानांनी शेवटचा प्रयत्न केला. "पण मागं त्या गॅरेजवाल्यानं थर्मोस्टॅट काढून टाकला, त्याचं काय?"

"काढ म्हणून कुणी सांगितलं होतं?" धाकट्यानं विचारलं.

नानांनी. गाडी तेव्हाही थोडी तापत होती आणि कुणीतरी पारावर सांगितलं होतं की थर्मोस्टॅटची ती वाटी, पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढली की पाणी मोकळं फिरतं. मामांनी कपाळावर हात मारला. अशा इंजिनात ती वाटी उघडताना पाण्याची आडवाटही बंद करते. वाटीच नसेल तर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परस्पर इंजिनात फिरत राहतं.

नवीन हेड आणि नवीन थर्मोस्टॅट नारायणगावहून आले. थर्मोस्टॅट तपासायचा तर तो उकळावा लागतो, असं मामांनी सांगितलं, आणि गाडीचं काम पहिल्यांदाच ओट्यापर्यंत गेलं. आईनं परातीचा अनुभव जमेस धरून सगळ्यांत हलकं पातेलं दिलं. पाण्यात सुतळीनं ती पितळी वाटी टांगली. अंगावर ८२ असा आकडा कोरलेला. पाण्याला तळाशी बारीक फुगे धरले, वाफ सुटायला लागली, उकळी अजून लांब होती, आणि त्या वाटीचं तोंड हळूच, कुणी आतून ढकलल्यासारखं उघडू लागलं. आत मेण असतं. वितळलं की फुगतं आणि झडप ढकलतं. आई चिमटा हातात धरून वाकून बघत होती. "आणि गार झाल्यावर?" पातेलं खाली उतरवलं. आम्ही चौघं त्याच्याभोवती उभे. झडप मिटली तेव्हा आई म्हणाली, "परत एकदा दाखव." दुसऱ्यांदाही पाहिल्यावर तिनं गॅस बंद केला.

नवीन हेड कोरं होतं. वॉल आपल्या बसायच्या जागेवर घासून जुळवायचे होते, आणि ते काम अखेर माझ्याकडे आलं. लाकडी दांडीच्या टोकाला रबराची वाटी, ती वॉलला चिकटवायची, कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावायची आणि दांडी दोन तळव्यांत धरून रवी घुसळल्यासारखी फिरवायची. आधी करकर आवाज येतो, मग तो मऊ होत जातो. उचलून पुसून बघितलं की कडेला सगळीकडून सारखी, मळकट राखाडी बांगडी दिसली पाहिजे. कुठे तुटली असेल तर पुन्हा. एकेकाला वीस मिनिटं, असे आठ. मग त्यावर डिझेल ओतून ठेवलं. सात टिच्चून होते. सहाव्यातून मात्र एक थेंब झिरपला. त्या दिवशी तळवे असे झाले होते की भाकरी मोडवत नव्हती.

गॅस्केटनं, म्हणजे हेड आणि खालचा सिलिंडरांचा ब्लॉक यांच्यामध्ये बसणाऱ्या पातळ थरानं, दुकानाची एक फेरी वाढवली. बऱ्याच डिझेल इंजिनांच्या गॅस्केटच्या कडेला खाचा असतात आणि त्यांवरून जाडी कळते. पिस्टन वर येतो तेव्हा ब्लॉकच्या किंचित बाहेर डोकावतो. त्याच्या आणि हेडच्या मध्ये एका मिलिमीटरहूनही कमी फट राखायची असते, म्हणून ही जाडी महत्त्वाची. आमच्या जुनीला दोन खाचा होत्या, दुकानदारानं एक खाचेची दिली. धाकटा बसवायला निघालाच होता. मी भांडारपाल असल्यानं जुनी नवीशेजारी धरून बघितली. एवढं एक मी केलं, हे इथं नोंदवून ठेवतो.

बसवायच्या आधी मामांनी ब्लॉकमधली बोल्टांची भोकं कापडानं टिपली आणि सायकलच्या पंपानं फुंकली. भोकात ऑइल साचलेलं असेल तर बोल्ट त्याला दाबत जातो, ऑइल काही दबत नाही, आणि मग तडकतो तो ब्लॉक. एस.टी.त एकदा झालं होतं, असं म्हणून ते थांबले. कुणाच्या हातून, ते आम्ही विचारलं नाही.

मग टॉर्क पाना. या वेळी मधल्या बोल्टापासून सुरुवात आणि गोगलगाईच्या शंखासारखं फिरत कडेपर्यंत. पहिली फेरी हलकी, दुसरी तिच्या दुप्पट, तिसरी पुरती. प्रत्येक बोल्टाला पाना ठरल्या जागी "टक" करतो आणि मामा मोठ्यानं आकडा म्हणत. शेवटच्या फेरीला अंगणात त्या टकटकीशिवाय आवाज नव्हता. वसुलीवालाही गप्प उभा होता.

डिझेलच्या पाइपातली हवा काढायला अर्धा तास गेला. पहिल्या सेल्फला काही नाही. दुसऱ्याला एक उचकी. तिसऱ्याला पांढऱ्या धुराचा लोट, मग एकाच सिलिंडरची ठकठक, मग दुसरा, आणि मग चारही. धाकटा ओतूरच्या स्टँडपर्यंत जाऊन आला. काटा मधोमध.

पाण्याचा निर्णय मामांनी आधीच दिला होता. निम्मं हिरवं कूलंट आणि निम्मं बॅटरीत घालतात तसलं पाणी, नाहीतर निदान जारचं. नाना स्वतः जाऊन वीस लिटरचा जार घेऊन आले आणि ओट्याला पाठ करून तो गाडीपाशी ठेवला. आईनं दारातून बघितलं.

"म्हणजे गाडीला जारचं, आणि माणसांना बोअरचं?"

नाना कूलंटच्या डब्याचं झाकण उघडण्यात गुंतले होते. गाडीत सहा लिटरच्या आसपास पाणी गेलं. उरलेला जार आईनं एका हातानं ओढत स्वयंपाकघरात नेला आणि संध्याकाळची डाळ त्यात शिजायला लावली. दोन शिट्ट्यांत शिजली. परात तिनं तीनदा राखेनं घासली आहे, तरी कणीक मळायला अजून घेतलेली नाही.