ब्युरेटने मोजलेलं इंजिन

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहायचं म्हटल्यावर स्नेहसंमेलनं, सहली सगळंच आठवलं. पण मी लिहिणार आहे कंप्रेशन रेशोबद्दल, म्हणजे इंजिनात पिस्टन आतली हवा किती पट दाबतो त्या आकड्याबद्दल. नाशिकच्या अंबडला माझं इंजिनकामाचं वर्कशॉप आहे आणि ज्या हिशेबावर ते चालतं, तो मला पहिल्यांदा कळला आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत.

वर्गातल्या बऱ्याच जणांचे वडील मायकोत (डिझेल इंजिनाचे नोझल बनवणारी कंपनी) नाहीतर महिंद्रात. इंजिन हा शब्द घरोघरी, पण आत काय चालतं ते कुणाला नीट सांगता येत नसे. विज्ञानाच्या सरांनी एकदा भंगारातून १०० सीसी मोटरसायकलचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, आणलं. प्लग बसवला, व्हॉल्व्ह बंद, कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी चिकटवली आणि ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, थेंबथेंब रॉकेल सोडलं. आतला शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत आम्ही श्वास रोखून उभे. गॅस्केटची (हेड आणि सिलिंडर यांच्यामधल्या पट्टीची) जाडी धरून जागा भरली १२ सीसी.

मग फळ्यावर हिशेब. बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४९.५ मिमी, म्हणजे पिस्टन खालपासून वरपर्यंत ९७ सीसी जागा व्यापतो. पिस्टन खाली असताना एकूण १०९, वर गेल्यावर उरतात १२. भागाकार साधारण ९, हाच कंप्रेशन रेशो. "आता हेड अर्धा मिलिमीटर घासलं तर?" सरांनी विचारलं. जेमतेम १ सीसी कमी होतो, पण रेशो ९ वरून ९.८ वर जातो. छेद लहान असला की एवढासा फरक केवढा होतो, हे त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, टाकताना आजही मी आधी हा हिशेब करतो.

रेशो वाढला की जळालेल्या वायूला पसरायला जास्त वाव मिळतो आणि तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. मग वाढवतच का नेत नाहीत? कारण जास्त दाबलेलं मिश्रण तापतं आणि ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यात आपोआप पेटतं. तेच नॉकिंग. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल ते लांबवतं. डिझेल इंजिनात मात्र नुसती हवा दाबतात, १६ ते २० पटीपर्यंत. ती ५०० अंशांच्या वर तापते आणि नोझलमधून फवारलेलं डिझेल प्लगशिवाय पेटतं. मायकोतल्या नोझलचं मोल मला तेव्हा कळलं.

गिऱ्हाईक म्हणतं, "कंप्रेशन गेलंय." गेजवर दिसतो तो दाब. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह गळाले की दाब पडतो. रेशो तोच राहतो, तो धातूच्या मापांत असतो. माझ्याकडच्या पोरांना हा फरक समजल्याशिवाय मी हेडला पाना लावू देत नाही.

शाळेतल्या मुलांना हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर सरांनी त्यांना रविवारी खुशाल पाठवावं. ब्युरेट, पट्टी आणि उघडं हेड तयार ठेवतो.