किल्ल्याची वेलांटी

दिवाळीत आतेभावाला माझा गेम पाठवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच त्याचा फोन आला. “ताई, उघडतच नाहीये गं. नुसती फायलींची यादी दिसतेय.”

मी पाठवली होती जार फाइल, म्हणजे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमचं गाठोडं. ते चालवायला संगणकावर जावा असावं लागतं. त्याच्या लॅपटॉपवर ती झिप उघडणाऱ्या प्रोग्रॅमकडे गेली. मग त्याने कुठून तरी जावा ८ टाकलं, तर नवीन एरर: फाइलची आवृत्ती ६१, त्याच्या जावाला ५२ पर्यंतच कळतं. ६१ म्हणजे जावा १७. बारावीतल्या मुलाने हे का शोधत बसावं? त्याला राजगड चढायचा होता.

गेम राजगडाचाच आहे. गुंजवण्यातून चोरदरवाजाने पद्मावती माचीवर यायचं, मग सुवेळा, संजीवनी आणि शेवटी बालेकिल्ला. जेमंकीइंजिन या गेम बनवायच्या जावा साधनात केलाय, कारण दिवसभर ऑफिसात जावाच लिहिते आणि हे इंजिन फुकट, खुलं, बीएसडी परवान्याचं आहे. डोंगर उभा केला तो नासाच्या स्पेस शटलने २००० साली रडारने मोजलेल्या उंचीवरून. ३० मीटरला एक आकडा, ५१३ बाय ५१३ चा चौकोन. डोंगराचा आकार त्यात येतो, पण सुवेळा माचीचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, येत नाही. एका जागेला एकच उंची असेल तर कातळाला आरपार भोक कसं पडणार? मग नेढं वेगळं ब्लेंडर या थ्रीडी आकार घडवायच्या प्रोग्रॅममध्ये घडवलं आणि तिथे नेऊन बसवलं. तीन रविवार गेले. त्यातून पलीकडचं आकाश दिसलं तेव्हा मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या.

पण सगळ्यात जास्त झुंजले ते अक्षरांशी. इंजिनचा बिटमॅप फाँट म्हणजे प्रत्येक अक्षराचं एक चित्र, आणि ती चित्रं ओळीने मांडायची. इंग्रजीला ते पुरतं. मी ‘किल्ला’ लिहिलं, तर वेलांटी क ला सोडून ल ला जाऊन चिकटली, आणि जोडाक्षर फुटून पहिल्या ल चा पाय मोडलेला. राजगडावरच्या गेममध्ये ‘किल्ला’ हा शब्दच मोडका! एकाने सुचवलं, इंग्रजीत लिही की, सगळ्यांना कळतं. ते मला मान्य नव्हतं आणि आजही नाही.

वाट जावातच सापडली. जावा ९ पासून तिच्या स्वतःच्या मजकूर काढण्यात हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं साधन आहे, आणि देवनागरीची जोडाक्षरं, वेलांट्या ते नीट बसवतं. मग प्रत्येक वाक्य आधी जावाच्या ग्राफिक्स २डी या चित्र काढायच्या भागाने एका पारदर्शक चित्रावर काढते, इंजिनच्या एडब्ल्यूटीलोडरने त्याचं टेक्श्चर, म्हणजे इंजिनला वापरता येईल असं चित्र, करते आणि पडद्यावर लावते. फाँट ‘मुक्त’ नावाचा, ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या गटाचा. तो ओपन फाँट लायसन्स या खुल्या परवान्याखाली असल्यामुळे गेमसोबत देता येतो. परवान्याची फाइल तेवढी सोबत ठेवायची.

आता आतेभावाकडे पोचवायचं. जेपॅकेज हे साधन जावा १६ पासून पक्कं झालंय. ते गेमसोबत जावासुद्धा बांधून देतं, समोरच्याला वेगळं काही टाकावं लागत नाही. एक अट: विंडोजचं पॅकेज विंडोजवरच बनतं. माझ्याकडे उबुंटू लिनक्स, म्हणून गिटहब ॲक्शन्स या ऑनलाइन सेवेवरचं विंडोज मशीन वापरलं. आकार कमी व्हावा म्हणून मी सोबतच्या जावातले भाग छाटले आणि त्यात ‘जावा डॉट डेस्कटॉप’ हा भागही काढून टाकला. खिडकी तर इंजिन स्वतःच उघडतं, मग हा कशाला, असं वाटलं. ग्राफिक्स २डी नेमकं त्यातच राहतं. गेम सुरू होताच बंद. एक ओळ परत घातली आणि चालू झाला.

आणखी एक चूक त्यानेच पकडली. “ताई, तुझा मावळा फार पळतोय.” त्याचा पडदा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं (फ्रेम) दाखवणारा, माझा ६०. चालण्याचा वेग मी प्रत्येक फ्रेमला ठरावीक दिला होता, फ्रेमला लागलेल्या वेळेने गुणलाच नव्हता. त्यामुळे त्याच्याकडे मावळा जवळजवळ अडीचपट वेगाने गड चढत होता.

बनवणाऱ्याची डिजिटल सही नसलेला प्रोग्रॅम असल्याने विंडोज आधी इशाऱ्याची निळी पाटी दाखवतं. ती ओलांडून पुढे कसं जायचं ते मी झिपमधल्या मराठी टिपेत लिहिलंय. गेम इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर फुकट ठेवलाय. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाची १०० डॉलरची फी सध्या भरणार नाही.

परवा आतेभावाने व्हिडिओ पाठवला. खेळत होता तो, आणि मागून आत्याचा आवाज, एकेक पाटी मोठ्याने वाचणारा: “पद्मावती तलाव… चोरदरवाजा… थांब रे, पुढची वाचू दे.”